गाळलेली बराखा

प्रार्थनेविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला; हिब्रू म्हणाल तर अक्षरं लावता येतात, अर्थ अडखळत कळतो. जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

कोल्हापुरात आम्हा बेने इस्राएल ज्यूंची दोन-चारच घरं. बाबा शाहूपुरीत मोटारींच्या कारखान्यात फिटर. जाग आली तरी ते डोळे उघडत नसत. उशाशी आईनं ठेवलेला तांब्या चाचपून हात धुवायचे, आंधळ्यांचे डोळे उघडणाऱ्या देवाची बराखा म्हणायचे, मगच उघडायचे. बराखा म्हणजे देवाच्या स्तुतीचं एक वाक्य. सकाळी अशा बऱ्याच असतात आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येकीला आमेन म्हणायचं असतं. आई चुलीपुढून आमेन म्हणायची. मी माझ्या बराखा पुस्तकातून भराभर उरकायचो.

मी इंटरला असताना छिन्नीची कपची उडून बाबांच्या उजव्या डोळ्यात गेली. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. डावाही सुजला म्हणून दोन्हींवर पट्ट्या. पट्ट्या सुटतील तेव्हा कळवू, असा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंधळ्यांचे डोळे उघडणाऱ्याच्या त्या ओळीशी माझी जीभ अडली. बराखा फुकट उच्चारू नये, हे बाबांनीच शिकवलेलं. मी ती गाळून पुढची घेतली.

"एक खाल्लीस," आई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

"नाही खाल्ली."

"माझं आमेन उरलं की! कॉलेजात असंच वाचतोस व्हय?"

"बाबांना दिसत नाही, आई. खोटं कसं म्हणू?"

"तुला दिसतंय न्हवं? मग तुझ्यापुरती म्हण."

जमलं नाही. आठ दिवस मी ती गाळत राहिलो. त्या जागी आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा, मी पुढे गेलो की पुन्हा चालू व्हायचा. संध्याकाळी बाबांच्या जोडीचे फिटरचाचा दारातूनच विचारायचे, "मिरजंचं काय कळलं?"

"न्हाय, चाचा," मी म्हणायचो.

"मालक दुसरा माणूस बघतोय. लवकर कळवा म्हणावं."

नवव्या सकाळी जाग आली आणि डोळे उघडायची भीती वाटली. तसाच बसलो. आईनं माझ्या उशाशी ठेवलेला तांब्या चाचपताना कलंडला, अंथरूण भिजलं. पाणी कुठवर गेलं ते दिसेना. बाबा आता या क्षणी मिरजेत असंच काही चाचपत असतील. शिल्लक पाण्यानं हात धुतले आणि ती बराखा म्हटली, एकेक शब्द सुटा. पहिल्यांदाच ती कुणाला तरी उद्देशून म्हणत होतो. मग डोळे उघडले. खिडकी, भिजलेली गोधडी, चुलीपुढे आई.

"आमेन," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

दुपारी पोस्टमननं कार्ड टाकलं. अक्षरं मोठी, ओळ खाली घसरलेली, पण वळण बाबांचंच.

"उजवा डोळा गेला. डाव्यानं बघून लिहितोय. आईला वाचून दाखव."