बांधाखालची पंगत

अकोल्यात वडिलांची वकिली जोरात चालू लागली, तशी त्यांना पोहण्याची हौस सुचली. पातूरजवळच्या आमच्या वावरात त्यांनी नाल्यावर मातीचा बांध घातला, आणि जठारपेठेतली अर्धी स्नेहीमंडळी दर रविवारी तिथं डुंबू लागली. खालच्या अंगाचे शेतकरी मात्र कुरकुरत होते. हा फुटला तर आमच्या कपाशीचं काय? म्हणून वडिलांनी ओळखीच्या एका ओव्हरसियरला बांध तपासायला बोलावलं.

साहेब छकड्यातून उतरलेसुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून छडी हलवून म्हणाले, "एकदम पक्का!" झाली तपासणी. एवढ्या वेळात आमच्या घरी कोणी वांगीसुद्धा निवडत नाही.

रोडगे आणि वांग्याची भाजी तयार होतीच. आईनं पत्रावळी मांडल्या त्या थेट बांधाच्या पायथ्याशी. वडील दचकले. आई म्हणाली, "साहेब पक्का म्हणून राहिले ना? मग काहून भ्यायचं? इथं वाराही लागत नाही."

साहेबांनी एक घास घेतला आणि मागं वळून पाहिलं. दुसरा घेतला, पुन्हा पाहिलं. मातीतली ओल त्यांना आत्ता कुठं दिसू लागली होती. तूप वाढायच्या आतच ते उठले, बांधावर चढले, आणि जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून सांडवा खोदायला सांगितला.

सांडवा झाला. तरी दर हिवाळ्यात पंगत तिथंच बसायची, आईचा हट्टच होता तो. वडिलांना बांधाकडे पाठ करून जेवताना मात्र मी कधी पाहिलं नाही.