दोनातलं एक

आग्लायाबाईंच्या घरी कधीही जा, टेबलावर फुलं. पेन्शन अशी की महिनाअखेरीला बाई कोबीच्या पाण्यावर निभावते, पण फुलं हवीत! मोहरीच्या चटणीची रिकामी बरणी, तिच्यात तीन कार्नेशनं, एक उंच, एक बेताचं, एक मान टाकलेलं. मागे कुंपणाची खुडलेली डहाळी. देठ हलू नयेत म्हणून बुडाशी बटाट्याची फोड. आयुष्यभर इथल्या ब्राइला शहराच्या नाट्यगृहात लोकांचे कोट सांभाळले, आणि ऐट मात्र राणीची.

"सेवास्ता, फुलांना पैसा नाही लागत गं, दृष्टी लागते," मला ऐकवायची.

"दृष्टी कसली? लांब हात लागतो," मी म्हणायचे.

समोरासमोर दारं आमची. पिशवीत कांद्यांखाली दडवलेली कार्नेशनं मला काय दिसत नव्हती? एकदा तर पाकळीवर मेणबत्तीचं मेण. शी! कबरींवरची उचलून आणते ही बया. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

विचारलं तर वर तोंड करून म्हणे, "एकेका कबरीवरचं एकच घेते मी. सगळं उचलेल ती चोर."

वा गं वा! आमच्याकडे मेलेल्याला फुलं जोडीनं वाहतात, जित्याला एक, तीन, पाच. शेंबडं पोरही चुकत नाही. ही स्वतःच्या बरणीत तीन मोजून लावते, आणि कबरीवर मागे काय उरलं याचं भान नाही.

तळमजल्यावर झाम्फिरा राहते. तिचा मुलगा तुदोरेल मालवाहू बोटीवरून डॅन्यूबमध्ये पडला, तो नदीनं काही परत दिला नाही. शवपेटीत त्याचा नवा सूट ठेवून तीच पुरली. तेव्हापासून झाम्फिरा वाळत चालली होती. धड जेवण नाही, बोलणं नाही. शनिवारी कबरीवर दोन कार्नेशनं ठेवायची आणि रविवारी चर्चमधून येताना पुन्हा बघून यायची, एवढंच.

एका रविवारी ती धापा टाकत माझ्या स्वयंपाकघरात आली.

"सेवास्ता, एकच होतं! मागच्या रविवारीही एकच! मी दोन ठेवते गं, माझ्या हातानं."

"वाऱ्यानं गेलं असेल."

"वारा काय मोजून नेतो? मेलेल्याला दोन. एक म्हणजे जिता! माझा पोरगा जिता आहे, कुठेतरी आहे, मला कळवतोय तो."

आणि ती माझ्याकडचा अर्धा पाव मटामट खाऊन गेली. पुढच्या आठवड्यात सुतकाचा काळा रुमाल जाऊन डोक्यावर तपकिरी आला.

मी तडक समोरचं दार वाजवलं. "बघ, मेले, तुझ्या दृष्टीनं काय केलं ते! आत्ताच्या आत्ता खाली जा आणि सांग तिला."

सगळं ऐकून आग्लाया पांढरीफटक पडली. गेली खाली. थोड्या वेळानं परत आली ती भिंतीला धरून.

"सांगितलंस?"

"ती मिरच्या भरत होती गं. दोघांपुरत्या. माझ्या तोंडून शब्द नाही फुटला."

"भित्री कुठली! मग निदान चोरायचं तरी बंद कर."

"बंद केलं तर तिला दोन दिसतील," ती म्हणाली.

मी दार आपटलं. चोराच्या तोंडून शहाणपण ऐकायचं म्हणजे अंगाचा तिळपापड होतो. पण बाकीच्या कबरींना तिनं त्यानंतर हात लावला नाही, हे मान्य करायला हवं. बरणीत आता एकच कार्नेशन असायचं. ते कोमेजलं तरी टाकायची नाही.

हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावरून आग्लाया घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी सूप घेऊन इस्पितळात गेले, शेजारधर्म म्हणून, दुसरं काही नाही. सुपाकडे तिनं बघितलंही नाही. माझं मनगट धरून म्हणाली, "आज शनिवार ना?"

"मला नको सांगूस! मी असली कामं करत नाही!" मी ओरडले. नर्स बघायला लागली.

अंधार पडायच्या आत मी कबरस्तानात होते. काय काय शिव्या दिल्या मी तिला वाटेत! तुदोरेलच्या कबरीवर दोन लाल कार्नेशनं, बर्फावर टेकवलेली. इकडेतिकडे बघितलं. एक उचललं आणि पिशवीत कांद्यांखाली घातलं.

घरी लोणच्याच्या बरणीत उभं केलं, तर कलंडायला लागलं. शेवटी बटाट्याची फोड घातली. तरी उघडंबोडकं वाटलं, म्हणून खाली जाऊन कुंपणाची डहाळी खुडून आणली. आणि जळ्ळं मेलं, छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली.

"सेवास्ता! अगं, आजही एकच!"

मी बरणी उचलून पडद्यामागे ठेवली आणि मग दार उघडलं.

"ये," म्हटलं, "जेवूनच जा."