चेंडूच्या पाया पडणारे बाबा

केनवडमध्ये मी आजही 'काठीवाली' आहे. जिल्ह्यातली पहिली व्यावसायिक महिला गोल्फपटू वगैरे सत्काराच्या फलकावर छापतात. गावाला त्याचं काडीचं कौतुक नाही, आणि खरं सांगू, मलाही 'काठीवाली'च गोड लागतं.

बाबा दरवर्षी सोयाबीन निघालं की पुण्याला कामाला जायचे. पुढे तिथल्या एका गोल्फ मैदानावर गवत कापायचं बारमाही काम मिळालं आणि आम्हीही मागोमाग गेलो. झुडपांत हरवलेले चेंडू शोधता शोधता मी खेळायला लागले. सुट्टीत गावी आले की कापणी झालेल्या वावरात एकटीच चेंडू मारत राहायची. बांधावरून जाणारी काकू हटकायची, "काहून वं, बिनकामाचं काय ठोकून राह्यली?" मीही हट्टी, तिच्या देखत आणखी दोन ठोकायची.

व्यावसायिक म्हणून खेळायचं तर पात्रता स्पर्धेतून कार्ड मिळवावं लागतं. त्या स्पर्धेत माझी बॅग बाबांनी उचलली. दुसरं कोण उचलणार होतं? शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर मी अगदी काठावर होते. एक फटका वाढला की कार्ड गेलं, एवढाच हिशेब. नेमका चेंडू उंच गवतात गेला. आम्ही शोधत असताना बाबांचा पाय चेंडूला लागला. ते वाकले, चेंडू उचलला, कपाळाला लावला आणि होता तिथे परत ठेवला.

आमच्याकडे असंच आहे. तिफण असो, वही असो, नाहीतर झाडू. पाय लागला की पाया पडायचं. हात आपोआप जातो. पण गवतातला चेंडू असा उचलला की एक फटका दंड, मग तो खेळाडूने उचललेला असो की बॅगवाल्याने. आणि या खेळात आपली चूक आपणच सांगायची असते.

कोणीही पाहिलं नव्हतं. बाबांना नियम माहीत नव्हता. माझं तोंड पाहून ते दोनदा म्हणाले, "काय झालं वं?" मी पंचांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्या एका फटक्याने कार्ड गेलं.

गावी परतताना वाटभर मी बाबांशी बोलले नाही. त्या अबोल्याची मला अजून लाज वाटते. आमच्या तालुक्याला, रिसोडला, एसटीतून उतरलो, तर ओळखीच्या एकाने निकाल विचारला.

"पोरगी बराबर खेळली," बाबा म्हणाले. "एक फटका माहा होता."

पुढच्या वर्षी कार्ड मिळालं. बॅग दुसऱ्याच माणसाकडे होती. ज्या गवतावर बाबांचा जन्म गेला, त्याच गवताच्या कडेला, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीबाहेर ते चपला काढून उभे होते. मी पळत त्यांच्याकडे गेले.

"बाबा, आता तरी बॅग घ्या."

"नाही माय. माहे हात जुने हायेत. मले इचारत नाहीत, सिद्दे कपाळाले जातात."

नंतर पुष्कळांनी माझी बॅग उचलली. सगळ्यांना नियम पाठ होते, दंड कधी पडला नाही. पण बाबांनी पुन्हा बॅगेला हात लावला नाही, आणि जिंकले त्या प्रत्येक वेळी बॅगेपाशी मला तेच हवे होते.