इंजिनावरचं कुंकू

मला फारसं लिहिता येत नाही, चौथीपर्यंतच शाळा झाली. बोलणं तर त्याहून कमी. पण जे घरच्या माणसालाही धड सांगता आलं नाही ते कुठंतरी ठेवावं, म्हणून या वहीत लिहिते आहे.

आमची नाव तापीच्या राजघाटावर असते. आमचे हे लोकांना पल्याड जैनाबादला सोडतात, कुणाच्या अस्थी असल्या तर मधल्या धारेपर्यंत नेतात. यांचा खांदा निखळला तेव्हापासून वल्हं मारवत नाही, म्हणून नावेला जुनं इंजिन बसवलं. ते बॅटरीच्या करंटवर चालतं. या आषाढात त्याला खोड लागली. चालता चालता करंट तुटायचा, इंजिनावरचा लाल दिवा विझायचा आणि इंजिन बंद. थोड्या वेळानं काही न करता पुन्हा चालू. मिस्त्रीनं बॅटरी तपासली, ती चांगली निघाली. फ्यूज बदलला, स्विच बदलला. तो म्हणाला, "भाऊ, माझ्यासमोर बंद पडलं तर पकडीन ना." त्याच्यासमोर ते कधीच बंद पडलं नाही.

पाणी रोज चढत होतं, आणि यांचा एकच हात धड. घाटावर धुणं धुताना माझे कान इंजिनाच्या आवाजाकडे असायचे. आवाज तुटला की हातातला कपडा हातातच राहायचा. मनात यायचं, तापीमाईचं इतकं करते, ती ऐकते तरी का? तरी करत राहिले. इंजिन आलं त्या दिवसापासून मी सकाळी त्यावर पाणी शिंपडून बाजूच्या एका बोल्टला ओलं हळदकुंकू लावायची. ते रुसायला लागल्यावर संध्याकाळीही लावू लागले. तिथं बोटभर थर झाला होता.

एका सकाळी शाहपूरकडची एक बाई नवऱ्याच्या अस्थी घेऊन आली. मूलबाळ नव्हतं, सोबत म्हातारा दीर. बाईमाणूस आहे, तू पण चल, असं हे म्हणाले म्हणून मी नावेत बसले. तिच्या मोकळ्या कपाळाकडे मला बघवत नव्हतं.

मधल्या धारेत लाल दिवा विझला. यांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. नाव आडवी झाली आणि नदीत खडकाचा कोरलेला दगडी हत्ती आहे, त्याच्याकडे वाहू लागली. हत्तीची नुसती पाठ पाण्यावर दिसत होती. हे एका हातानं वल्हं मारत होते, मी हत्तीला टेकवायला बांबू धरून उभी होते. दीर रामनाम घेऊ लागला. त्या बाईनं अस्थींचं मडकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि बसल्या बसल्या सरकत इंजिनापाशी आली. बॅटरीतून निघालेली काळी वायर तिनं हातानं चाचपत नेली. ती माझ्या कुंकवाखाली जाऊन संपत होती.

"हे कोण लावतं?"

तिनं विचारलं. हे म्हणाले, आमची ही लावते.

"माझा माणूस केळीच्या मळ्यांतल्या मोटरी बनवायचा. तीस साल त्याच्या हातात पाना मीच दिला. करंट येतो-जातो करतो, तर आधी अर्थिंगचा बोल्ट, ही काळी वायर बसते तो, पाहायचा म्हणे. पुस ते."

माझा हात उचलेना. नवरा समोर बसलेला, आणि आपल्याच हातानं कुंकू पुसायचं? मिस्त्रीनंही तिथं बोट लावलं नव्हतं. पूजेची जागा म्हणून तो आजूबाजूचंच काम करून गेला होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माझं पुसून झालं, बाई. तुझं राहावं म्हणून सांगते."

मी पदरानं पुसलं. खाली सगळा हिरवा-पांढरा गंज चढला होता, वायरचं टोक नुसतं टेकलेलं होतं. तिनं नावेतल्या पान्यानं बोल्ट सैल केला, नारळ सोलायच्या सुरीनं खरवडून वायरचं तांबं उजळ केलं, पुन्हा आवळलं. यांनी चावी फिरवली. दिवा लागला. तेव्हा हत्ती माझ्या बांबूच्या टोकाला लागेल इतका जवळ होता.

मग तिनं तिच्या माणसाला माईच्या स्वाधीन केलं. तेवढा वेळ इंजिन एकदाही अडखळलं नाही. घाटावर मी तिच्या पाया पडले. तिनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, लोखंडाला ओलं लावत जाऊ नको. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

ती माईच होती असं मी म्हणत नाही. ती आपलं दुःख मांडीवर घेऊन आली होती. पण तिला त्याच दिवशी, आमच्याच नावेत कुणी बसवलं, हे माझ्या मनातून जात नाही. मी भक्ती म्हणत होते ती माझी भीती होती. त्या भीतीचेच थर मी रोज चढवत होते, आणि त्याखाली काय झालं आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यांनी उघड्या बोल्टकडे पाहिलं. चूक माझ्या हातची होती हे त्यांना कळलंच असणार. एवढंच म्हणाले, "मलाही पुसायचा धीर झाला नसता." मग नाव सुटली. मी पाण्यात बोटं बुडवली. माई, हे तुझ्या अंगावर आहेत, सांभाळ, असं म्हटलं आणि धुवायला बसले. इंजिनाचा आवाज लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. मी कपडे आपटत राहिले.