आमच्या कारखान्यातली उघडणारी बाई

आमच्या घराण्याचा धंदा बंद करण्याचा. म्हणजे आम्ही पाकिटं बंद करणारी यंत्रं बनवतो. वरून पावडर पडते, मधल्या गरम जबड्यात प्लॅस्टिकच्या कडा चिकटतात आणि खालून पुडी बाहेर येते. आधी बाबा, मग मी, आता माझी मुलगी, सगळ्यांनी आयुष्यभर हेच केलं. या बंद करणाऱ्यांच्या घरात उघडणारी एकटीच होती, ती माझी आत्या.

बाबा सांगायचे की पहिलं यंत्र त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीसाठी बनवलं. आत्या म्हणायची, "माझ्यासाठी कसलं? माझ्या पोटावर पाय द्यायला!" ती तेव्हा एका घाऊक दुकानाच्या मागच्या खोलीत चहाच्या पुड्या बांधायची. दुपारपर्यंत आठशे. कागदाने तिची बोटं चिरलेली असायची. बाबा सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी सायकलची साखळी आणि शिलाई मशीनचं चाक जोडून एक धूड उभं केलं आणि त्यातून निघालेली पहिली पुडी मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिली. तिने ती दोन बोटांत धरली, जरा दाबली, आणि सगळा चहा बाबांच्या पायावर.

"नापास," आत्या म्हणाली.

सात महिने बाबा जबडा बदलत राहिले आणि आत्या त्यांच्या पायावर चहा ओतत राहिली. आठव्या महिन्यात इरेला पेटून त्यांनी अशी पुडी काढली की ती कोणाच्याच बापाला उघडेना. बाबा नाचायचेच बाकी होते. आत्या म्हणाली, "हे पाकीट आहे की तिजोरी? नापास." मग तिने नियम घालून दिला: पाकिटाने आपणहून उघडता कामा नये, आणि उघडणाऱ्याला अडवताही कामा नये. त्या दिवशी यंत्राच्या तोंडाशी तिच्यासाठी खुर्ची ठेवली गेली. शंभर पाकिटांतली दहा ती उघडणार, मग कागदावर सही करणार, मगच यंत्र दाराबाहेर पडणार.

यंत्राची परीक्षा गिऱ्हाइकाच्याच मालावर होते आणि परीक्षेतला माल परत कोणी नेत नाही. त्यामुळे आमच्या घरात सनावळी मालावरून चालते. बाबांचं लग्न मिठाच्या वर्षी झालं. मी साबणाच्या पावडरीच्या वर्षी जन्मलो, त्या वर्षी अख्ख्या गल्लीचे कपडे पांढरेशुभ्र होते. टॉफीच्या वर्षी दातांचे डॉक्टर आमच्या घरच्यासारखे झाले आणि आत्याचे वरचे दात गेले.

उघडायची सवय तिला इतकी जडली होती की ती दुसऱ्यांची पार्सलं, पत्रं आणि भानगडीही उघडायची. कारखान्यात एखादी गोष्ट गुप्त राहावी असं वाटत असेल तर ती सरळ आत्याला सांगून टाकावी, म्हणजे निदान तिचा त्यातला रस संपायचा.

बाबा गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला. मी चाळिशीचा होतो, प्रदर्शनं बघून आलो होतो आणि शिंगं फुटली होती. मी गळती तपासायची काचेची पेटी आणली. तिच्यात पाणी भरायचं, पाकिटं बुडवायची, वरची हवा ओढून घ्यायची. बुडबुडा आला की गळती. पेटी चहा मागत नाही, पेटी बापाचा उद्धार करत नाही. मी ती मुद्दाम आत्याच्या खुर्चीला खेटून ठेवली. आत्या तिला 'तुझी माशांची पेटी' म्हणायची.

आत्या तेव्हा चौऱ्याहत्तरची होती. एक दिवस आमचा म्हातारा फिटर माझ्या कानाशी लागला. "साहेब, आत्याबाई पाकीट फाडायच्या आधी पाठ फिरवतात. अ‍ॅप्रनच्या खिशात नेलकटर आहे. कडेला बारीक चीर देतात आणि मग फाडतात."

माकडाच्या हाती कोलीत लागलं. माकड मी.

मी साळसूदपणे तिच्याकडे गेलो. "आत्या, आता पुरे झालं. घरी आराम कर."

"मेल्यावर आरामच आहे. ज्या दिवशी माझ्याने पाकीट उघडणार नाही, त्या दिवशी मी आपणहून उठेन. तुझ्या बापाला शब्द दिलाय."

बस्स, मला एवढंच हवं होतं. चार यंत्रांची मोठी ऑर्डर होती, औषधाच्या कंपनीची. परीक्षेच्या दिवशी त्यांचे मॅनेजर दोन माणसं घेऊन येणार होते. त्या सकाळी आत्या चहा घेत होती आणि तिचा अ‍ॅप्रन खुंटीवर होता. मी नेलकटर काढला आणि माझ्या खिशात टाकला. चाळीस वर्षांचा घोडा, दोन मुलांचा बाप, म्हाताऱ्या आत्याचा खिसा मारला! आज सांगतानाही कान तापतात.

यंत्र झकास चाललं. काचेच्या पेटीत एक बुडबुडा आला नाही. मॅनेजर आडव्या हाडाचे होते, त्यांनी एक पाकीट चर्रकन फाडलं, "छान!" म्हणाले आणि सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात मी आवाजात मध घालून म्हणालो, "एक मिनिट. आमच्या आत्याची सही आधी. आमची पद्धत आहे तशी."

आत्याने पाठ फिरवून डाव्या खिशात हात घातला. मग उजव्या. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी परीक्षेची बिस्किटं चोरायचो तेव्हा ती अशीच बघायची.

तिला सुटता आलं असतं. चष्मा सापडत नाही म्हणायचं, डोकं दुखतंय म्हणायचं, नाहीतर सरळ सही ठोकायची. मॅनेजर तर पास करूनच बसले होते. तिने पाकीट उचललं. एक ओढ, दुसरी, तिसरी. प्लॅस्टिक ताणून पांढरं पडलं, फाटलं मात्र नाही. बोटांची पेरं लाल झाली.

"दाताने बघा, बाई," मॅनेजरांचा माणूस म्हणाला.

"दात माझे नाहीत," आत्या म्हणाली आणि पाकीट खाली ठेवलं. "नाही उघडत. दोन वर्षं झाली, बोटांत जोर नाही. नेलकटरने फाडत होते. लबाडी केली मी." आणि ती खुर्चीतून उठली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी खिशातला नेलकटर मुठीत दाबून उभा राहिलो.

उठता उठता तिने पाकीट पुन्हा हातात घेतलं. "ह्यात आहे काय?"

"सांधेदुखीची पावडर," मॅनेजर म्हणाले. "वयाने बोटं आखडतात ना, त्यावर. दिवसातून दोनदा."

"मग मलाच द्या की."

"घ्या ना, हवी तेवढी घ्या!"

"घेईन. पण उघडून कोण देणार? तुम्ही येणार का दिवसातून दोनदा?"

फिटर आधी खिंकाळला. मग मॅनेजरांची दोन्ही माणसं. मॅनेजर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"माझी आई हीच पावडर घेते," ते म्हणाले. "जुन्या यंत्रावरची. तिच्या उशाशी पुड्यांचा ढीग साठलाय. मी तिला रोज ओरडतो, औषधाचा कंटाळा करतेस म्हणून."

यंत्र नापास झालं. जबड्याशेजारी छोटं पातं बसवून पाकिटाच्या कडेला खाच पाडायला आम्हाला तीन आठवडे लागले. पुढच्या परीक्षेला मॅनेजर आईला घेऊन आले. त्या बाईंनी पहिलं पाकीट एका ओढीत उघडलं आणि दुसरं केवळ मजा म्हणून मुलाच्या बुटावर उघडलं. आत्याचं आणि त्यांचं तिथेच जमलं.

संध्याकाळी मी नेलकटर गुपचूप अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवायला गेलो, तर आत्या दारात उभी.

"चुकलं माझं, आत्या."

"चुकलंच. ठेव तो तुझ्याकडे. लागेल."

त्यानंतर ती आणखी सहा वर्षं खुर्चीत बसली. आता तिथे मी बसतो. माझं वय एकाहत्तर आणि बोटांबद्दल विचारू नका. नेलकटर लागला. दोन वर्षं झाली लागून.

गेल्या महिन्यात मुलीच्या नव्या यंत्राची परीक्षा होती. नवं, जाड, कागदासारखं पाकीट. गिऱ्हाईक पेन काढून उभं. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "एक मिनिट. आधी आमच्या बाबांची सही."

मी पाठ फिरवून खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. मुलगी माशांच्या पेटीत इतकं निरखून बघत होती की जणू तिथे खरंच मासे होते.

मी पाकीट तीनदा ओढलं. मग खुर्चीतून उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाही उघडत. ह्यात आहे काय?"