तात्यांच्या क्रेटमधली तीन नशिबं

डाळिंबाच्या क्रेटमध्ये लॅटिन पुस्तकं ठेवणारा माणूस अख्ख्या निमगाव केतकीत एकच: आमच्या शेजारचे डिक्शनरीतात्या. पुस्तकं म्हणजे तत्त्वज्ञानाचे जुने, चित्रांचे शब्दकोश. खाली कडुलिंबाचा पाला, वर धोतराचं मऊ फडकं. पुण्याला डाळिंबं पोचवून येताना जुन्या बाजारात पहिला कोश हाती लागला आणि मग नादच लागला. काकू करवादायच्या, "लोकांची माणसं बाजारातनं मिठाई आणत्यात, आमचं हे वाळवीचं खाद्य आणतंय!" पण पाला त्याच बदलायच्या.

तात्यांना लॅटिनचा गंध नव्हता. फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरायचा आणि पडद्यावर उमटेल ते मोडकंतोडकं मराठी खणखणीत आवाजात वाचायचं. चित्रं मात्र ते भिंगातून तासन्‌तास बघत. त्यांत काळ म्हणजे लांब कोयता घेतलेला म्हातारा. "ह्यो बी ऊसतोडीला निघालाय बघ," म्हणायचे.

"शब्द तेच, मग इतके कोश कशाला?" मी एकदा विचारलं.

"अगं, एका घरी जेवून गाव कळतंय व्हय?"

नवऱ्याच्या माराला कंटाळून मी माहेरी आले, तेव्हा भावकीचं एकच पालुपद: नशिबात असेल ते भोगायचं. रविवारी सासरची माणसं मला न्यायला येणार, असं ठरूनही गेलं. आई रडायची, दादा उठून शेतावर निघून जायचा. मलाही वाटायला लागलं होतं, आपलं नशीबच फुटकं, जावं मुकाट.

रविवारी बैठक बसली आणि तात्या डोक्यावर क्रेट घेऊन हजर! मला वाटलं, पाहुण्यांना डाळिंबं आणली. त्यांनी तीन कोश काढले आणि तिन्हींतलं नशिबाचं पान उघडून सतरंजीवर मांडलं. तिन्हींत नशीब म्हणजे बाईच: एकात डोळे बांधलेली, दुसऱ्यात मोठं चाक फिरवणारी, तिसऱ्यात दोन्ही हातांनी होडीचं शीड धरून वाऱ्यात उभी राहिलेली.

"आबा," तात्या माझ्या चुलत्यांना म्हणाले, "पोरीच्या नशिबात हाय म्हणता, तर ह्यातलं कंचं? एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांचं बी एकमत न्हाय. तुमाला कसं कळलं?"

आबा वाकून बघू लागले. सासरेही पुढं सरकले. "ही तर आंधळीच हाय की," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मग आंधळीच्या सांगण्यावरनं पोर मार खायला धाडायची व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्या माझ्याकडं वळले. "तू सांग गं. तुला कुणी इचारलंच न्हाय."

"मी न्हाय जाणार," मी म्हणाले. दादा उठला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. पाहुणे चहा घेऊन परत गेले.

आज माझी भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. पोटभर जेवते, गाढ झोपते. हे सगळं तात्यांचं देणं, ते फेडायची माझी ऐपत नाही आणि इच्छाही नाही. शेवटी शेवटी त्यांची नजर गेली. मग मी बाजेशेजारी बसून चित्रं सांगायची. रोज एकाच बाईची चौकशी: "शीडवाली काय करतीया?"

"पदर खोचून उभी हाय, तात्या."

"मग झ्याक."

ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी कोश बारामतीच्या एका वाचनालयाला दिले. शीडवालीचा तेवढा मी क्रेटसकट मागून घेतला. क्रेटमधला पाला आता मी बदलते, आणि बदलताना ते पान उघडून मोठ्यानं सांगते, "उभी हाय, तात्या."