चार लाखांचा अर्ज

नऊ जानेवारी, गुरुवार. रक्कम सत्तर हजार. महाविद्यालयाच्या फी-खिडकीपाशी हजर : मी, पत्नी आणि मुलगा. परीक्षेचा अर्ज दंडासह भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. बाकी भरल्याशिवाय अर्ज घेणार नव्हते.

चूक माझी, आणि ती सहा महिने आधीची. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. वर्षाची फी एक लाख सत्तर हजार, म्हणजे चार वर्षांचे सहा लाख ऐंशी हजार. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर सरकारी शिष्यवृत्तीतून वर्षाला सत्तर हजार सुटणार होते. ते चार वर्षांचे मी आधीच वजा केले आणि बँकेत बरोबर चार लाखांचा अर्ज दिला.

कर्जाच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, पूर्ण रकमेचा करा. तारण न देता बसतंय. उचललं नाही तेवढ्यावर व्याज नाही."

मी म्हणालो, "लागणार नाही ते कर्ज मी कागदावरसुद्धा घेत नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

बँकेचे पहिल्या वर्षाचे एक लाख भरले. उरलेल्या सत्तर हजारांसाठी महाविद्यालयाने हमीपत्र घेतलं : शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास पालक भरतील. मी न कचरता सही केली.

डिसेंबरअखेर ती नामंजूर झाली. ज्या वर्षाचा दाखला जोडला होता, त्याच वर्षी मला पगाराची जुनी थकबाकी मिळाली होती, बेचाळीस हजार. सात लाख सत्तर हजारांचे आठ लाख बारा हजार झाले. दाखला मीच काढला होता, आकडा वाचलाही होता. पण मनात दर वर्षीचाच आकडा होता.

पत्नी म्हणाली, "बेचाळीस मिळाले म्हणून सत्तर गेले. ऑफिसात तुम्ही दुसऱ्यांचे हिशेब तपासता ना?"

मुलगा म्हणाला, "बाबा, मी हे वर्ष ड्रॉप घेऊ का?" तो हे इतक्या सहज म्हणाला, की मला रागावतासुद्धा आलं नाही.

बँकेत पुन्हा गेलो. त्याच बाई. मर्यादा वाढवायला नवा अर्ज, मंजुरीला किमान तीन आठवडे. "तेव्हा सांगितलं होतं," एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चाळीस हजारांची मुदत ठेव मोडली. तीस कमी पडत होते. त्या महिन्यात सोसायटीतल्या बायकांची भिशी पत्नीला लागली होती. तिला कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं होतं. तिने पाकीट माझ्यासमोर ठेवलं. "उसने आहेत," म्हणाली. "हमीपत्र नको. तुमची सही पाहिली."

महाविद्यालयाला सत्तर हजार, अधिक दंड पाचशे. मुलगा परीक्षेला बसला. पत्नीला दरमहा अडीच हजार, बारा हप्ते. शेवटचा गेल्या डिसेंबरात दिला. तिने तोही मोजून घेतला.